सांबार म्हणजे कोथिंबीर

विदर्भात कोथिंबिरीला सांबार म्हणतात. हे पुण्या-मुंबईकडच्या माणसाला पहिल्यांदा सांगितलं की हमखास एकच प्रश्न येतो, "मग सांबाराला काय म्हणतात?" सांबाराला सांबारच म्हणतात. इडलीबरोबर वाटीत येतं ते सांबार, आणि भाजीबाजारातून जुडीने येतो तो सांबार. तिकडे कोणाचाही यात कधी गोंधळ होत नाही. गोंधळ होतो तो आपल्याकडे, शिवाय "हे काहीतरीच" असा एक सूरही लागतो. त्या सुरासाठीच हे सगळं लिहायला घेतलंय.

माझं आजोळ अमरावतीचं आणि घर पुण्याचं. त्यामुळे एकाच पानाला दोन-दोन नावं ऐकत मी वाढले. कोथिंबीर आणि सांबार, कढीपत्ता आणि गोडलिंब. आल्याला अद्रक, शेंगदाण्यांना फल्लीदाणे, बटाट्याला आलू. (आणि पुण्यात अळू म्हणजे फतफतं. सुट्टीत आजोळी गेल्यावर "आलूची भाजी" ऐकून तोंड वाकडं करणारी भाची मावशीला अजून आठवते. ती भाची मीच.) लहानपणी वाटायचं की यातलं एक खरं नाव आणि दुसरं आजोळचं. पुढे वाचत गेले तसं लक्षात आलं की "खरं" नाव म्हणून आपण ज्याचा तोरा मिरवतो त्या कोथिंबिरीचीही वंशावळ काही सरळ नाही.

आधी कोथिंबिरीचंच बघू. ही वनस्पती मूळची भूमध्य समुद्राच्या आणि पश्चिम आशियाच्या बाजूची. पण आपल्याकडे ती इतकी जुनी आहे की संस्कृतात तिला दोन स्वतंत्र नावं आहेत. एक धान्यक, म्हणजे धान्यासारखं बारीक दाण्याचं. दुसरं कुस्तुंबुरु किंवा कुस्तुंबरी. पहिल्यावरून हिंदीतलं धनिया, बंगालीतलं धने आणि आपले धने आले. दुसऱ्याच्या गोतावळ्यात कन्नडमधली कोत्तंबरी, तेलुगूतली कोत्तिमीर, तमिळमधली कोत्तमल्ली, गुजरातीतली आणि हैदराबादच्या दखनीतली कोथमीर, आणि आपली कोथिंबीर.

आता गंमत बघा. हिंदीवाले पानालाही धनिया म्हणतात आणि दाण्यालाही. पान हवं असेल तर "हरा" लावायचं, झालं. कन्नडमध्ये पानही कोत्तंबरी आणि दाणाही कोत्तंबरी. पानाला सोप्पु जोडायचं, दाण्याला बीज. म्हणजे उत्तरेला एक शब्द, दक्षिणेला एक शब्द, दोघांचंही एका शब्दात भागतं. मधला जो पट्टा आहे, गुजराती, मराठी आणि तेलुगू, तिथे मात्र दाण्याला उत्तरेचा शब्द आणि पानाला दक्षिणेचा. आपण धने म्हणतो आणि कोथिंबीर म्हणतो, गुजराती माणूस धाणा आणि कोथमीर म्हणतो, तेलुगू माणूस धनियालु आणि कोत्तिमीर. एकाच रोपाचं वरचं एका घरातून घेतलं आणि बी दुसऱ्या घरातून. महाराष्ट्र हा उत्तर-दक्षिणेचा सांधा आहे वगैरे वाक्यं शाळेच्या पुस्तकात पाठ केली होती. तो सांधा रोजच्या फोडणीत दिसतो हे कोणी सांगितलं नव्हतं.

हे कुस्तुंबुरु चांगलंच म्हातारं आहे. पाणिनीच्या अष्टाध्यायीत, म्हणजे इसवी सनापूर्वी चौथ्या-पाचव्या शतकात, या शब्दासाठी एक स्वतंत्र सूत्र आहे. शब्दाच्या मध्येच हा स कुठून आला, हा वैयाकरणांपुढचा प्रश्न. त्यांनी ठरवलं की वनस्पतीचं नाव असेल तर कुस्तुंबुरु म्हणायचं आणि "वाईट तुंबुरु" एवढाच अर्थ असेल तर स न घालता कुतुंबुरु. पाणिनीवरच्या काशिका या टीकेत ते असं उलगडून सांगितलं आहे. तुंबुरु हे एक फळ. ओव्याचीही अशीच कथा. ओव्याला संस्कृतात यवानी, आणि वैयाकरणांच्या हिशोबी यवानी म्हणजे "वाईट यव", वाईट सातू. यवन म्हणजे ग्रीक, म्हणून यवानी, अशी दुसरी व्युत्पत्ती लोकांना जास्त आवडते, कारण तिच्यात परदेश आहे. मला मात्र ते वाईट सातूच आवडतात. नवीन काहीतरी दाणा समोर आला, आपल्या ओळखीच्या धान्याशी ताडून पाहिला, आणि "आपल्यासारखा नाही, तेव्हा वाईट" असा शेरा मारून मोकळे. पाहुण्याला घरात घ्यायचं, रोज वापरायचं, आणि नाव मात्र असं ठेवायचं! माणसांच्या बाबतीतही आपण हेच करतो म्हणा.

असो. पान एका भाषेचं आणि दाणा दुसऱ्या भाषेचा, हा प्रकार फक्त आपल्याकडेच आहे असंही नाही. माझी भाची न्यू जर्सीत असते. तिथे पान सिलान्ट्रो आणि दाणा कोरिअँडर. इंग्लंडमध्ये दोन्ही कोरिअँडर. मूळ लॅटिन शब्द एकच, कोरिआन्ड्रम. तो फ्रेंचमधून इंग्रजीत आला तेव्हा कोरिअँडर झाला आणि स्पॅनिशमध्ये झिजून कुलान्त्रो, सिलान्त्रो. अमेरिकेत हिरवं पान लोकांच्या ताटात आलं ते मुख्यतः मेक्सिकन जेवणातून, म्हणून पानाला स्पॅनिश नाव चिकटलं. दाणा इंग्रजांच्या मसाल्याच्या डब्यात आधीपासून होता, त्याचं नाव तेच राहिलं. ज्यांच्या हातून जिन्नस घरात आला त्यांचं नाव त्याला राहतं, बाकी व्याकरण वगैरे नंतर. लॅटिनच्याही मागे ग्रीक आहे, आणि ग्रीकमध्ये हा शब्द किती जुना? क्रीट बेटावर आणि ग्रीसमध्ये मातीच्या पाट्या सापडल्या, त्यांवरची लिपी मायकल व्हेन्ट्रिसने १९५२ साली वाचून दाखवली. कोठारांचे हिशोब होते ते, तीन हजार वर्षांहूनही जुने. त्यांत धन्यांची नोंद आहे, आणि शब्द जवळपास हाच आहे. राजे, देव, युद्धं यांच्याआधी वाण्याची यादी टिकते, हे मला फार बरं वाटलं.

आता यातलीच एक गोष्ट सांगते, मला सगळ्यात जास्त आवडलेली. कॅरिबियन बेटांवर आणि मध्य अमेरिकेत एक झुडूप उगवतं, लांब करवती पानांचं, वास कोथिंबिरीचाच पण चौपट उग्र. कोथिंबिरीच्या कुळातलं, तरी वेगळंच. स्पॅनिश लोकांनी तिथे पोचल्यावर आपलं जुनं कुलान्त्रो हे नाव त्याला देऊन टाकलं. त्रिनिदादमध्ये फ्रेंच बोलणारे मळेवाले होते, त्यांनी त्याला "आशीर्वादाचा काटा" अशा अर्थाचं नाव दिलं, शार्दों बेनी. ते लोकांच्या तोंडी शॅडो बेनी झालं. आणि मग ३० मे १८४५ रोजी फातेल रझाक नावाचं जहाज तिथे लागलं. उसाच्या मळ्यांवर राबायला करारावर नेलेले हिंदुस्थानी मजूर त्यावर होते. पुढे १९१७ पर्यंत सुमारे १ लाख ४४ हजार माणसं तिकडे गेली, बहुतेक भोजपुरी-अवधी बोलणारी. त्यांनी हे पान चोळून हुंगलं असेल, आणि नाव ठेवलं बनधनिया. बन म्हणजे रान. रानातला धने. आजही त्रिनिदादमध्ये भारतीय वंशाच्या घरात हे नाव आहे. तिथल्या नव्या पिढ्यांची भोजपुरी जवळजवळ गेली, इंग्रजी आली, पण चटणीतल्या पानाचं नाव राहिलं.

हेच पान पुढे आशियातही पसरलं. मणिपूरमध्ये त्याला अवा फदिगोम म्हणतात. फदिगोम म्हणजे कोथिंबीर आणि अवा म्हणजे ब्रह्मदेश, म्हणून ब्रह्मी कोथिंबीर. बांगलादेशात बिलाती धने. एकच अमेरिकन झुडूप, एकाला रानातलं वाटलं, एकाला ब्रह्मदेशाचं, एकाला विलायतेचं. पानाचा जन्म कुठला हे यातलं एकही नाव सांगत नाही. नाव ठेवणारा कुठे उभा होता तेवढं सांगतं.

एवढं वळसे घालून आता सांबाराकडे येते.

विदर्भाच्या शेजारी एकीकडे हिंदी, एकीकडे तेलुगू. हिंदीत धनिया, तेलुगूत कोत्तिमीर. म्हणजे सांबार हा शब्द कोणा शेजाऱ्याकडून उसना आणला असं म्हणायला जागा नाही. मग तो आला कुठून? संस्कृतात संभार म्हणजे गोळा केलेली सामग्री. पूजेचा संभार, यज्ञाचा संभार. स्वयंपाकघरात सामग्री म्हणजे काय तर मसाला. कन्नडमध्ये मसाल्याच्या जिनसांना अजूनही सांबार पदार्थ म्हणतात. गुजराती घरांत लोणच्याचा जो मसाला असतो तो संभार. मालवणला काळ्या वाटाण्याचं सांबारं करतात, आंबोळीबरोबर खातात, आणि त्यात तूरडाळ नसते, असतं ते मसाल्याचं वाटप. आणि दक्षिणेचं सांबार तर सगळ्यांना माहीतच आहे. तंजावरच्या मराठ्यांच्या मुदपाकखान्यात संभाजी महाराजांसाठी ते पहिल्यांदा झालं आणि म्हणून ते नाव पडलं, ही गोष्ट तुम्ही सगळ्यांनी फॉरवर्डमध्ये वाचली असेलच. गोष्ट गोड आहे. पण संभार हा शब्द कन्नड, गुजराती आणि मालवणी स्वयंपाकघरांत आपापल्या परीने मसाल्याचा अर्थ धरून बसलेला दिसत असताना त्याला राजाची गरज काय, हे मला कळलेलं नाही.

तर माझा तर्क असा. मसाला या अर्थाचा शब्द एकेका मुलखात एकेका गोष्टीवर येऊन बसला. दक्षिणेत पातळ डाळीवर, मालवणात वाटपाच्या रश्श्यावर, गुजरातेत लोणच्याच्या मसाल्यावर. विदर्भात तो हिरव्या पानावर बसला, कारण रोज लागणारा ताजा मसाला म्हणजे तेच पान. यात विचित्र काही नाही. मुंबईत अजूनही भाजीवाल्याला "थोडा हिरवा मसाला द्या" म्हटलं की तो कोथिंबीर, मिरच्या आणि आल्याचा तुकडा पिशवीत टाकतो, मसाल्याचं पाकीट देत नाही. अर्थाची ही वाटचाल अगदी घरगुती आहे.

आई १९७५ साली लग्न होऊन अमरावतीहून पुण्याला आली. पहिल्याच आठवड्यात तिने बाबांना सांगितलं, "येताना सांबार आणजा." बाबा ऑफिसातून येताना उडप्याकडून स्टीलच्या डब्यात गरम सांबार घेऊन आले. ही गोष्ट आमच्या घरी प्रत्येक लग्नात, प्रत्येक डोहाळजेवणाला सांगितली गेली आहे. नातेवाईक मंडळींपैकी बहुतेकांनी ती माझ्याहून चांगली सांगितली आहे. सगळे हसतात, आईही हसते. पण गोष्टीचा पुढचा भाग कोणी सांगत नाही. त्यानंतर आईने पुण्याच्या घरात सांबार हा शब्द वापरला नाही. रुचिरा तिला लग्नात भेट आलं होतं (कमलाबाई ओगल्यांचं पुस्तक १९७० चं, तेव्हा नवंच होतं), त्यात कोथिंबीर, शेजारणींच्या बोलण्यात कोथिंबीर, आम्हा मुलांच्या तोंडी कोथिंबीर. सांबार तिने टेलिफोनसाठी राखून ठेवला. मावशीशी बोलताना तो बाहेर यायचा, गोडलिंब आणि अद्रकासकट, आणि आवाजही जरा मोठा व्हायचा. फोन ठेवला की परत कोथिंबीर. आम्ही दोघं भावंडं त्या फोनवरच्या आईची नक्कल करायचो.

यात कोणी तिला त्रास दिला असं मुळीच नाही. आजी तर तिच्यावर खूश होती. पण अमरावती १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत मुंबई राज्यात नव्हतीच, मध्य प्रदेशात होती. विदर्भाचे आठही जिल्हे तिकडे होते आणि राजधानी नागपूर होती. मग द्विभाषिक मुंबई राज्य आलं आणि १ मे १९६० ला महाराष्ट्र. राज्य मराठी बोलणाऱ्यांचं झालं हे चांगलंच झालं. पण पाठ्यपुस्तकं, मासिकं, पाककृतींची पुस्तकं, पुढे टीव्ही, या सगळ्यांची मराठी पुण्या-मुंबईच्या वळणाची. एका राज्यात आल्यावर दोन शब्दांतला एक प्रमाण होतो आणि दुसरा विनोद होतो. डब्यातल्या सांबारावर मीही वर्षानुवर्षं हसत आले आहे, पुढेही हसेन, गोष्ट खरंच मजेदार आहे. फक्त तो विनोद कायम एकाच बाजूने का होतो, कोथिंबीर म्हणणारा माणूस अमरावतीच्या बाजारात कधी हास्यास्पद का ठरत नाही, हे विचारावंसं वाटतं.

आणि शब्द गेला की नुसता शब्द जात नाही. सांबारवडी घ्या. पुण्यात एखाद्याने तिचं "शुद्ध" भाषांतर करून कोथिंबीरवडी मागितली तर त्याला मिळेल बेसनात कोथिंबीर कालवून, उंडे उकडून, कापून तळलेली वडी. ती चांगलीच असते, तक्रार नाही. पण सांबारवडी ती नव्हे. सांबारवडीला बेसन आणि मैद्याची पातळ पारी लाटतात, तिला आतून चिंच-गुळाचं किंवा मसाल्याचं बोट फिरवतात, आणि मग बारीक चिरलेला सांबार, सुकं खोबरं, खसखस, तीळ, कोणाकडे चारोळी, असं सारण मुठीने भरून पुडी बांधल्यासारखी घडी घालून तळतात. म्हणून तिला पुडाची वडीही म्हणतात. थंडीत सांबार स्वस्त होतो तेव्हा करायचा हा प्रकार. जुडी-दोन जुड्यांत काही होत नाही, ढीग लागतो, आणि निवडायला माणसं लागतात. पारी पातळ हवी आणि फुटता कामा नये, इथेच सगळं कौशल्य आहे. सोबत कढी. पुण्यात आताशा ती मिळते काही ठिकाणी, पाटीवर "नागपुरी कोथिंबीरवडी" असं लिहिलेलं असतं. म्हणजे वडी आली, नाव सीमेवर जमा करून आली.

गोडलिंबाचं तर याहून मजेशीर. या पानाकडे बघून सगळ्यांना कडुलिंबच आठवला, कारण पानांची मांडणी तशीच. मग दक्षिणेने म्हटलं काळा कडुलिंब: कन्नडमध्ये करिबेवु, तमिळमध्ये करुवेप्पिलै. कोकणीतलं करबेव त्याच घरचं. उत्तरेने म्हटलं गोड कडुलिंब: हिंदीत मीठा नीम, गुजरातीत मीठो लीमडो, आणि विदर्भात गोडलिंब. पुण्याचे जुने लोक कढीलिंब म्हणायचे, त्यातही लिंब आहेच. कढीपत्ता एवढाच शब्द असा की ज्यात लिंब नाही, आणि आता सगळीकडे तोच चालतो. वनस्पतिशास्त्राला विचारलं तर कढीपत्त्याचा कडुलिंबाशी जवळचा संबंध नाही. तो लिंबू-संत्र्याच्या कुळातला, बेल आणि कुंती त्याच्या भावकीतले. म्हणजे गोडलिंब म्हणणाऱ्यांचा कडुलिंब चुकला, पण चुकून लिंबू बरोबर आला! आणि हसायचंच असेल तर शास्त्रज्ञांनाही हसा. लिनियसने १७७१ साली याला बर्गेरा कोएनिगाय असं नाव दिलं. कोएनिग हा त्याचा शिष्य, तमिळनाडूच्या किनाऱ्यावर तरंगमबाडीच्या डॅनिश वसाहतीत डॉक्टर म्हणून आला होता. पुढे कोणीतरी ते झाड मुराया या गटात हलवलं. आम्ही कॉलेजात मुराया पाठ केलं. आता पुन्हा ते बर्गेरात गेलं आहे. लॅटिन नावांनाही सासर-माहेर असतंच.

पुदिन्याची मात्र कुठेच भानगड नाही. फारसीतून आला, नाव बरोबर घेऊन आला, आणि मराठी, हिंदी, कन्नड, तमिळ सगळीकडे पुदिनाच राहिला. गुजरातीने तेवढा फुदिनो केला.

मध्यंतरी भाचीने न्यू जर्सीहून सांबारवडीची कृती मागवली. मावशीची वही आईकडे आहे, चिकट झालेली, तेलाचे डाग असलेली. मी ती टाइप करायला बसले. पहिलीच ओळ, सांबार निवडून, धुऊन, फडक्यावर कोरडा करून घेणे. भाचीला कळावं म्हणून तिथे कोथिंबीर लिहू का, असं आईला विचारलं. आई चष्मा लावून वहीत बघत होती. म्हणाली, "जसं लिहिलंय तसं लिही. नाही कळलं तर फोन करेल." भाचीने फोन केला. पाऊण तास बोलल्या दोघी. आवाज मोठा होता.